सर्वेश कुठला रहिवासी? परदेशात शिकणाऱ्या मुलाची खाती आणि करकपातीचे फॉर्म : एका प्रकरणाचा अभ्यास

(नावे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रकमा थोड्या गोल केल्या आहेत. तारखा आणि दिवसांचा हिशेब मात्र जसा होता तसाच ठेवला आहे.)

पार्श्वभूमी

डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले मास्तर दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला येतात आणि वर्षातून दोनदा माझ्या कार्यालयाचा जिना चढतात. एकदा रिटर्न भरायला, एकदा चतुर्थीच्या आधी सहज. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते तिसऱ्यांदा आले तेव्हाच काहीतरी बिनसले आहे हे समजले. एका हातात बाजाराची पिशवी, दुसऱ्या हातात प्लास्टिकची फाइल आणि फाइलवर वर्तमानपत्राचे कात्रण. परदेशी खाती आणि मालमत्ता रिटर्नमध्ये दाखवा, अशी मोहीम प्राप्तिकर विभागाने त्या महिन्यात काढली होती, त्याची बातमी. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी विचारले, "आतां कितें करप?"

त्यांचा मुलगा सर्वेश ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेत एमएस करायला गेला. मोपाहून मुंबई, मुंबईहून रात्रीचे विमान. व्हिसा एफ-१, म्हणजे विद्यार्थ्याचा. खर्चाचा मोठा भाग शैक्षणिक कर्जातून. त्या कर्जाला तारण म्हणून आजोबांनी नातवाच्या नावे ठेवलेली ८ लाखांची मुदत ठेव. ठेव सर्वेश आणि मास्तर यांच्या नावे, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कुणाचीही सही चालेल अशी. व्याज ७ टक्के, म्हणजे वर्षाला ५६,००० रुपये, दर तिमाहीला त्याच शाखेतल्या सर्वेशच्या बचत खात्यात जमा. ते खाते कॉलेजच्या दिवसांपासूनचे, साधे, निवासी.

तिकडे पोचल्यावर पहिल्या आठवड्यात त्याने पासपोर्ट आणि विद्यापीठाने दिलेले आय-२० हे प्रवेशाचे प्रमाणपत्र दाखवून कॅम्पसजवळच्या बँकेत खाते उघडले. जानेवारी २०२४ पासून विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम, तासाला १५ डॉलर, आठवड्याला जास्तीत जास्त २० तास. २०२४ च्या उन्हाळ्यात एका छोट्या कंपनीत दहा आठवड्यांची इंटर्नशिप, तिचे १०,००० डॉलर. ग्रंथालयाचे वर्षभराचे ९,००० धरून २०२४ ची मजुरी १९,००० डॉलर झाली.

अडचण

फाइल उघडली. चार ठिकाणी सही झाली होती, आणि चारही ठिकाणी फॉर्मने एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला होता : तुम्ही इथले रहिवासी आहात का?

पहिला फॉर्म आपल्या बँकेचा १५जी. आमचे उत्पन्न करपात्र नाही, व्याजातून टीडीएस कापू नका, असे निवासी माणसाने लिहून द्यायचे. एप्रिल २०२३ मध्ये सर्वेशने स्वतः दिला होता. एप्रिल २०२४ मध्ये शाखेतल्या बाईंनी काउंटरवरून फॉर्म सरकवला आणि मास्तरांनी मुलाच्या नावापुढे सही ठोकली. स्वतःची. छायाप्रत माझ्यासमोर होती. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर करत असत तशीच, खाली दुहेरी रेघ मारलेली.

दुसरा अमेरिकी बँकेचा. खाते उघडताना तिथल्या कर्मचाऱ्याने त्याच्याकडून डब्ल्यू-८ बेन भरून घेतला होता. तो परदेशी माणसासाठीचा फॉर्म, आणि तो बरोबर होता. पण जानेवारीत नोकरीसाठी सोशल सिक्युरिटी नंबर मिळाला आणि बँकेच्या अॅपने करविषयक माहिती अद्ययावत करा म्हटले, तेव्हा पठ्ठ्याने नंबर टाकून 'यूएस पर्सन' या चौकोनात खूण केली. झाला डब्ल्यू-९, म्हणजे अमेरिकी करदात्याचा फॉर्म. व्हिडिओ कॉलवर मला म्हणाला, "काका, नंबर त्यांनीच दिला ना? मग मला वाटलं आता मी इथलाच." त्याला हसणे सोपे आहे, पण हा गैरसमज मी शिकलेल्या चाळिशीतल्या माणसांतही पाहिला आहे. नंबर मिळणे वेगळे, करासाठी रहिवासी होणे वेगळे.

तिसरा आणि चौथा म्हणजे पगारातून कर किती कापायचा ते सांगणारे डब्ल्यू-४. विद्यापीठाच्या पगार विभागाने व्हिसा बघून अनिवासी म्हणूनच भरून घेतला. इतर अनिवासींचा कर मोजताना पगारात एक वाढीव रक्कम धरतात. भारतीय विद्यार्थ्यांना ती लागू नाही, हेही त्या विभागाला ठाऊक होते. इंटर्नशिपच्या कंपनीला यातले काही ठाऊक नव्हते. तिने सर्वेशला नेहमीच्या अमेरिकी कर्मचाऱ्यासारखे धरले आणि सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरचे ७.६५ टक्के कापले : १०,००० वर ७६५ डॉलर. एफ-१ वरच्या अनिवासी विद्यार्थ्याला, व्हिसाच्या अटीत बसणाऱ्या कामासाठी, ही कपात लागूच होत नाही.

आणि भर म्हणून, खोलीतला मित्र म्हणत होता की एप्रिलमध्ये माझ्याच अॅपवरून रिटर्न भर, शिक्षणाच्या खर्चापोटी घसघशीत रिफंड मिळतो. तो मित्र ग्रीन कार्डवाला, म्हणजे करासाठी तिथलाच रहिवासी.

तीन कायदे, तीन उत्तरे

इथे मी स्वतः चुकलो, ते आधी सांगतो. मास्तर समोर बसलेले असताना मी बेधडक म्हणालो, "मुलगा गेला ना? मग तो अनिवासी. इथल्या रिटर्नमध्ये परदेशी खाते दाखवायचा प्रश्नच नाही." त्यांचा जीव भांड्यात पडला. दुपारी जेवून आल्यावर मी फाइल पुन्हा उघडली आणि पासपोर्टच्या पानाच्या फोटोवर नजर गेली. मुंबईचा शिक्का पुसट होता, ११ ऑगस्ट की १७ ऑगस्ट तेही धड दिसत नव्हते. पण दोन्हीपैकी काहीही धरले तरी माझे सकाळचे उत्तर चूक होते.

प्राप्तिकर कायदा दिवस मोजतो. १ एप्रिल ते ११ ऑगस्ट २०२३ हे १३३ दिवस. १८२ भरले नाहीत, पण ६० च्या वर आहेत आणि आधीच्या चार वर्षांत तो इथेच होता, म्हणजे ३६५ दिवसांची अट आपोआप पुरी. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या नागरिकाला ६० ऐवजी १८२ ची सवलत आहे. शिकायला जाणे म्हणजे नोकरीला जाणे असे मी धरले नाही. थोडक्यात, २०२३-२४ या आर्थिक वर्षात सर्वेश भारताचा निवासी. त्याची जगभरातली कमाई इथे मोजायची आणि ऑगस्टमध्ये उघडलेले परदेशी खाते शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, दाखवायचे. कर शून्य असला तरी असे खाते असलेल्या निवासी माणसाला रिटर्न भरावेच लागते. २०२४-२५ पासून मात्र तो अनिवासी.

परकीय चलनाचा कायदा, म्हणजे फेमा, तो हेतू बघतो. शिकायला परदेशी गेलेला विद्यार्थी अनिवासी धरावा, असे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २००३ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. म्हणजे बँकेच्या दृष्टीने विमान सुटले तेव्हापासून तो अनिवासी, आणि त्याचे साधे बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासीचे रुपयांतले खाते, करून घ्यायला हवे होते.

अमेरिकेचा कायदा तिसरेच मोजतो. एफ-१ विद्यार्थ्याचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस तिथल्या हजेरीच्या कसोटीत धरत नाहीत. ऑगस्टमध्ये गेला तरी २०२३ हे आख्खे एक वर्ष खर्ची पडते. म्हणजे २०२७ संपेपर्यंत तो तिथे करासाठी अनिवासी परदेशी.

संध्याकाळी मास्तरांना फोन करून सकाळचे शब्द मागे घेतले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे गेल्या वर्षी पोर इथला, बँकेत तिथला, आणि तिथे कुठलाच नाही?" याहून नेमके मलाही सांगता आले नसते.

कोणते मार्ग तपासले

ठेवीचे काय करायचे, यावर सगळ्यात जास्त डोके खर्च झाले. खाते एनआरओ केले की व्याजावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि वर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के टीडीएस. ५६,००० वर १७,४७२ रुपये. अनिवासीला १५जी देता येत नाही. दुसरे काही उत्पन्न नसल्याने हे पैसे रिटर्न भरून परत मिळणार हे खरे, पण वर्षभर अडकणार.

मास्तरांनी सुचवलेला उपाय अस्सल गोव्यातला होता. "व्याज मी माझ्या रिटर्नमध्ये दाखवतो, अर्धे हिच्या नावे जाईल, कुणाला कर बसणार नाही." गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : इथे पोर्तुगीज नागरी संहितेतली पती-पत्नीच्या सामाईक मालमत्तेची पद्धत चालते, आणि १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ५अ प्रमाणे पगार सोडून बाकीचे उत्पन्न नवराबायकोत निम्मेनिम्म वाटून दाखवतात. मास्तर कित्येक वर्षे असेच भरत आले आहेत, म्हणून हात आपोआप तिकडे वळला. पण ही वाटणी त्या दोघांच्या स्वतःच्या उत्पन्नाची. ठेव सज्ञान मुलाची, पैसा त्याच्या आजोबांनी त्यालाच दिलेला. मास्तरांचे नाव दुसरे आहे ते सोयीसाठी. हा मार्ग बंद.

ठेव मोडून आईच्या नावे करावी का? ती कर्जाला तारण आहे, बँक मोडू देणार नाही. विषय संपला.

एकाच उत्पन्नावर दोनदा कर बसू नये म्हणून झालेल्या भारत-अमेरिका कराराचा आधार घेऊन व्याजावर १५ टक्केच कापायला लावावे का? हे मला सुरुवातीला फार आवडले होते. पण त्यासाठी अमेरिकेने 'हा आमचा कर-रहिवासी आहे' असा दाखला (टीआरसी) द्यायला हवा, आणि अमेरिकेच्या लेखी तो रहिवासी नाही. दाखला मिळणारच नाही. परदेशात शिकणाऱ्या बऱ्याच मुलांचे पालक इथेच अडखळतात. बँकेतला माणूस 'टीआरसी आणा' म्हणतो आणि ती आणणार कुठून हे कुणीच विचारत नाही.

शून्य कपातीच्या दाखल्यासाठी प्राप्तिकर विभागाकडे अर्ज करता आला असता. सतरा हजारांसाठी दरवर्षी तो खटाटोप नको, रिफंड घेऊ, असे ठरले. रक्कम मोठी असती तर मी उलटा सल्ला दिला असता.

तिकडच्या डब्ल्यू-९ बद्दल सर्वेशचे म्हणणे, राहू दे तसाच, खात्यावर व्याज आहेच किती? व्याज नगण्य होते हे खरे. पण त्या फॉर्मवर आपण अमेरिकी करदाते आहोत असे शपथेवर लिहिलेले असते. त्यात मित्राच्या अॅपवरून रहिवाशाचा रिटर्न-फॉर्म १०४० भरला असता, तर आपणच आपल्याला दोनदा अमेरिकी ठरवले असते. अमेरिकी करदात्याची परदेशातली खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याला ती वेगळी कळवावी लागतात. सर्वेशची ८ लाखांची ठेव तेव्हाच्या दराने साडेनऊ हजारांवर आणि बचत खात्यात आणखी थोडे. हा हिशेब त्याला मांडून दाखवला तेव्हा तो मित्राच्या रिफंडबद्दल बोलायचा थांबला. शिक्षणखर्चाची ती सवलतही अनिवासीला मिळत नाही.

एक भीती मात्र निराधार निघाली. वडिलांनी पाठवलेले पैसे तिकडे उत्पन्न धरतील का? नाही. शिक्षण आणि राहण्याच्या खर्चासाठी मायदेशातून येणाऱ्या पैशावर अमेरिका कर लावणार नाही, असे कराराच्या २१ व्या कलमात आहेच.

काय केले

आधी २०२३-२४ चे रिटर्न, कारण मुदत ३१ डिसेंबर होती. (पुढे निवासी व्यक्तींसाठी ती १५ जानेवारी २०२५ झाली, पण आम्ही त्या भरवशावर थांबलो नाही.) जानेवारी ते मार्चची ग्रंथालयाची मजुरी ३,३०० डॉलर, म्हणजे सुमारे पावणेतीन लाख रुपये. प्रमाणित वजावट गेल्यावर आणि व्याज मिळवून एकूण तीन लाखांच्या आत. कर शून्य, विलंबशुल्क १,००० रुपये. शेड्यूल एफएमध्ये आर्थिक वर्ष चालत नाही, ३१ डिसेंबर २०२३ ला संपणारे कॅलेंडर वर्ष लागते. सर्वेशने पहिल्यांदा मार्च २०२४ ची शिल्लक पाठवली होती, ती बदलून घेतली. शिवाय खात्यातली त्या वर्षातली सर्वोच्च शिल्लक लागते. कर्जाचा हप्ता जमा झाला त्या दिवसाची ती होती, आणि ती बघून मास्तरांनी पुन्हा एकदा विचारले, "एवढी दाखवायचीच काय?" दाखवली.

डिसेंबरात सर्वेश २२ दिवसांसाठी घरी आला. तिसऱ्या दिवशी बापलेक शाखेत. १५जी मागे घेतल्याचे पत्र दिले आणि बचत खाते व ठेव एनआरओ करण्याचा अर्ज केला. इथे नवी अडचण निघाली. निवासी नातलगासह एनआरओ खाते 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असेच, म्हणजे पहिल्या खातेदाराच्या हयातीत त्याचीच सही चालेल असे, ठेवता येते. म्हणजे मास्तरांची सही चालण्याचे दिवस संपले. त्यासाठी मुखत्यारपत्र करावे लागले. स्टॅम्पपेपर, नोटरी, दोन साक्षीदार आणि बँकेचा वेगळा नमुना. मास्तर त्या दिवशी थोडे दुखावले होते. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून ते खाते त्यांनीच सांभाळले होते.

तिकडे परतल्यावर सर्वेशने बँकेत जाऊन डब्ल्यू-८ बेन नव्याने दिला. कायमचा पत्ता म्हणून आधी त्याने वसतिगृहाचा लिहिला होता, तो खोडून गावचा लिहायला लावला. घर क्रमांक, वाडा, गाव, तालुका, ४०३ ने सुरू होणारा पिन. ऑनलाइन रकान्यात वाड्याचे नाव मावेना म्हणून शेवटी शाखेत कागदावर दिला. परदेशी करक्रमांकाच्या जागी पॅन.

अमेरिकी रिटर्न १०४०-एनआर, म्हणजे अनिवासीचे, भरले, सोबत आपले दिवस हजेरीत का धरायचे नाहीत ते सांगणारा फॉर्म ८८४३. हा ८८४३ २०२३ सालासाठीही द्यायला हवा होता. त्या वर्षी कमाई नव्हती म्हणून कुणाच्या डोक्यातच आले नाही, पण तो कमाई नसली तरी द्यावा लागतो. उशिराने पाठवला. २०२४ ची प्रमाणित वजावट १४,६०० डॉलर. एरवी अनिवासीला ती मिळत नाही, भारतीय विद्यार्थ्याला करारामुळे मिळते, फक्त त्या ओळीशेजारी कराराचा उल्लेख लिहावा लागतो. राज्याचे रिटर्न निराळे. काही राज्ये हा करार मानत नाहीत, म्हणून ते विद्यापीठाने परदेशी विद्यार्थ्यांसाठी दिलेल्या सॉफ्टवेअरवरच भरायला सांगितले.

७६५ डॉलरसाठी आधी कंपनीकडेच मागणी करावी लागते. दोन ईमेल अनुत्तरित राहिले. तिसऱ्याला उत्तर आले की आमचा हिशेब बंद झाला आहे, तुम्ही कर खात्याकडे मागा. ते उत्तर जपून ठेवले, कारण पुढचे दोन फॉर्म, ८४३ आणि ८३१६, भरताना मालकाने पैसे परत दिले नाहीत हे सांगावे लागते.

काय झाले

१९,००० मधून १४,६०० गेल्यावर करपात्र ४,४०० डॉलर, त्यावर कर सुमारे ४४०. कापले गेले होते ८७० च्या आसपास. फरक मे २०२५ मध्ये खात्यात जमा झाला.

इकडे शेवटच्या तिमाहीच्या १४,००० रुपये व्याजावर ४,३६८ रुपये कापले गेले. २०२४-२५ चे रिटर्न अनिवासी म्हणून भरले, आधीच्या तीन तिमाहींचे बिनकपातीचे व्याजही त्यात दाखवले, आणि रिफंड आला. कात्रणातल्या मोहिमेची नोटीस वगैरे काही आली नाही. ७६५ डॉलरचे कागद टपालाने गेले आहेत. हे लिहीपर्यंत ते पैसे आलेले नाहीत.

पुन्हा करायचे झाले तर

मास्तर ऑगस्ट २०२३ मध्ये, मुलगा निघायच्या आधी, माझ्याकडे आले होते. कर्जाच्या कागदांवर सह्या हव्या होत्या. मी सह्या केल्या, शुभेच्छा दिल्या आणि ठेवीबद्दल एक अक्षर विचारले नाही. तेव्हाच खाते एनआरओ आणि मुखत्यारपत्र झाले असते, तर डिसेंबरातल्या २२ दिवसांतले चार दिवस शाखेत गेले नसते आणि एप्रिल २०२४ चा तो १५जी झालाच नसता. आता परदेशी जाणाऱ्या मुलाचे पालक आले की मी निघण्याची तारीख विचारतो आणि बोटांवर दिवस मोजतो.

इंटर्नशिपच्या कंपनीत पहिली पगारपत्रिका आली त्याच आठवड्यात सर्वेशने ती मला किंवा विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला दाखवली असती, तर कपात तिथेच थांबली असती. चालू पगारातली चूक कंपनी निस्तरू शकते. वर्ष उलटल्यावर तिला ते जड जाते.

मोहिमेची बातमी नसती तर मास्तर आलेच नसते, हेही खरे. त्यांची धाकटी मुलगी आता जर्मनीसाठी अर्ज करते आहे. परवा शुक्रवारी ते आले तेव्हा पिशवीत नवी फाइल होती आणि तिच्या पहिल्या पानावर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिले होते : 'जाण्याचा दिवस', आणि पुढे रिकामी रेघ.